पेटीतील लुगडी आणि बाळाची दुपटी

चि. सौ. भाचीस,

तुझे पत्र पावले; मजकूर वाचून फार संतोष झाला. तुझ्या लेकीच्या पोटी तुझे पहिले नातवंड येणार ही वार्ताच अशी की, तिच्यापुढे पत्रातील इतर सर्व गोष्टी मागे पडाव्यात. तथापि त्या वार्तेच्या खाली, जवळजवळ संकोचाने, तू जो प्रश्न विचारला आहेस त्याचे उत्तर सविस्तर द्यावे असे वाटल्यावरून हे पत्र लांबणार आहे. आईची लुगडी पेटीत तशीच पडून आहेत, त्यांची दुपटी शिवावीत असे मनात येते, पण कात्री हातात घेतली की ती चालवण्याचा धीर होत नाही, असे तू लिहितेस. ती तुझी आई, तशीच माझी थोरली बहीण. तेव्हा या बाबतीत मत देण्याचा थोडा हक्क मलाही आहे असे समजून निर्णय आधी सांगते आणि त्याची कारणे व कामाची रीत मागाहून. लुगडी काप.

वस्त्र पेटीत ठेवले म्हणजे ते टिकते, हा समज खरा नाही. रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिले तर त्या घडीच्या रेषेवरच फाटत जाते, खळीसकट ठेवलेल्या सुती वस्त्राला कसर लागते, आणि पावसाळ्यातील दमट हवा पेटीच्या फटींतून आत शिरून जे डाग पाडते ते पुढे कितीही धुतले तरी निघत नाहीत. ज्याचे आपण जतन करतो असे मानतो, त्याचा नाश आपल्या नकळत चाललेला असतो. तेच सूत बाळाच्या अंगाखाली गेले, रोज धुतले गेले, उन्हात वाळले, तर तेही एक दिवस विरेल यात शंका नाही. परंतु विरण्यापूर्वी ते एका जिवाच्या उपयोगी पडलेले असेल. यांतील कोणता शेवट तुझ्या आईला मान्य झाला असता, हे मी सांगावयास नको. १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले आणि दुकानांतून मनाजोगे कापड मिळेनासे झाले, तेव्हा तिने ठेवणीतली लुगडी स्वतः कापून तुम्हा बहिणींचे परकर शिवले होते, आणि उरलेल्या पट्ट्या तुझ्या आजोबांच्या वाकळीत घातल्या होत्या. तिच्या हाताला कात्रीचे भय कधी वाटले नाही, कारण कापड माणसांसाठी आहे याविषयी तिच्या मनात किंतु नव्हता.

जुन्याचे नवे करण्यात दारिद्र्याची काही खूण आहे असे तुझ्या मनात कोणी भरवले असेल, तर तेही काढून टाक. भगवान बुद्धाने आपल्या भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवावयास सांगितले, आणि ते कसे जोडावेत यासाठी मगध देशातील बांधांनी विभागलेली भातखाचरे आनंद या शिष्याला दाखवली, अशी कथा विनयग्रंथांत आहे. बंगालमधील स्त्रिया जुन्या साड्यांच्या काठांतून रंगीत सूत ओढून काढीत आणि त्याच सुताने कांथ्यांवर, म्हणजे आपल्या गोधड्यांवर, फुले, मासे, रथ भरीत. बिहारात नवजात बालकाला गुंडाळण्यासाठी जुन्या मऊ कापडाची सुजनी करण्याची चाल आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी स्त्रिया कवंदी नावाची गोधडी शिवतात आणि तिच्या चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे एकेक फूल लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानीत नाहीत. इतक्या दूरदूरच्या घरांत एकच विचार उपजावा, याला केवळ काटकसर हे कारण पुरेसे वाटत नाही. शेकडो वेळा धुतलेल्या सुताइतके मऊ सूत कोणत्याही गिरणीतून बाहेर पडत नाही, आणि नवजाताच्या त्वचेला तेच मानवते, हे त्या सर्व जणींच्या बोटांनी ओळखलेले सत्य आहे.

आता निवड. पेटीतील सर्वच लुगडी या कामाची नाहीत. शालू आणि पैठणी यांना हात लावू नकोस. त्यांची जर बाळाच्या अंगाला बोचते, आणि ती वस्त्रे तुझ्या लेकीसुनांनी नेसण्यात त्यांचा खरा उपयोग आहे. इरकली असतील त्यांचे अंग सुती आणि पदर रेशमी असतो, आणि मागावरच फासे गुंतवून दोन्ही जोडलेले असतात. धुण्यात दोहोंचे वर्तन निरनिराळे असल्यामुळे पदर जोडाजवळ कापून प्रथम वेगळा काढ. तो वाया जात नाही. देव्हाऱ्यातील वस्त्रे, चौरंगावरचे आसन, असे काही त्याचे होईल. तुमच्या पिढीने ज्या नायलॉनच्या साड्या आणि टेरिलीनचे कपडे घेतले, त्यांचा एक तुकडाही बाळंतिणीच्या खोलीत जाऊ देऊ नकोस. ते घाम शोषीत नाहीत, हा एक दोष झाला. पण त्या खोलीत शेकशेगडीचे निखारे असतात, आणि ठिणगी पडली तर असे कापड वितळून अंगाला चिकटते, हा दुसरा दोष जिवावर बेतणारा आहे.

हिशेब असा बसतो. लुगडे ९ वारांचे आणि त्याचा पन्हा ४५ इंचांचा धरला, तर वार-वार लांबीचे ९ तुकडे निघतात. बाळाच्या दुपट्याला तीन पदर, म्हणजे तीन थर, पुष्कळ झाले, सबब एका लुगड्यात तीन दुपटी होतात. तुझी लेक मुंबईस राहणार; तेथील हवेत तीन पदरांहून जाड वस्तू पावसाळ्यात दोन दोन दिवस वाळत नाही, हे ध्यानात असू दे. मोठी गोधडी करावयाची तर त्याच लुगड्याचे ८१ इंचांचे चार तुकडे कर आणि दोन दोन शेजारी जोड. ८१ इंच लांब व ९० इंच रुंद असे वरचे व खालचे अशी दोन्ही अंगे त्यातून मिळतात, आणि मधले पदर जुन्या धोतरांचे व चादरींचे घालता येतात. मात्र नऊवारी नेसण्यात बसण्याची जागा आणि कासोट्याचा भाग सर्वांत आधी झिजतो. तुकडे उजेडासमोर धरून पाहा, जेथे सूत विरळ दिसेल ते मधल्या पदरात घाल आणि धड असेल तेवढे वर ठेव.

कापण्यापूर्वी सर्व कापड एक रात्र पाण्यात भिजवून खळ काढून घे. लाल, काळे व जांभळे रंग वेगळे भिजव आणि पांढरे ओले फडके त्यांवर जोराने घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर ते कापड, कितीही सुंदर असो, बाळासाठी वर्ज्य. नवे कापड मध्ये घालण्याचा मोह पडेल, विशेषतः अस्तराला. पण नवे कापड धुतल्यावर आटते, जुने आटून चुकलेले असते, आणि मग नवे ताणते व जुने फाटते. घालायचेच तर ते आधी दोनतीनदा धुवून आटवून घे.

पदर जमिनीवर अंथरताना सगळ्यांचा ताणा एकाच दिशेस येईल असे कर, कोपऱ्यांवर वजने ठेव, आणि मधून बाहेर कच्चा दोरा घालीत ये, म्हणजे सुरकुती काठाकडे ढकलली जाते. पक्क्या शिवणीत याच्या उलट. आपल्याकडची जुनी रीत काठ आत दुमडून तेथून आरंभ करण्याची व चौकोनामागून चौकोन घालीत मध्याशी येऊन थांबण्याची आहे. तिच्यात काठ आधी बळकट होतो, आणि कच्च्या दोऱ्याने पदर धरून ठेवलेले असल्यामुळे मध्ये फुगा येत नाही. दोन ओळींत बोटभर अंतर ठेव. दोरा सुतीच घे, कारण चिवट कृत्रिम दोरा जुन्या सुताला करवतीसारखा कापीत जातो; तो हातभरच घे आणि मेणावरून ओढ, म्हणजे गुंता होत नाही. गाठ पदरांच्या आत लपव. दाभण वापरू नकोस. त्याची भोके जुन्या कापडात मोठी होत जातात. यंत्राविषयी तू विचारलेस. पिशव्या, अभ्रे, झबल्यांच्या शिवणी यांना यंत्र उत्तम. पण दुपट्याला हाताचा धावदोरा असावा, कारण यंत्राची टीप पदर आवळून धरते आणि वस्तू ताठ होते, तर धावदोऱ्यात कापड हाताबरोबर वळते. शिवाय धावदोऱ्याची एखादी ओळ उसवली तर ती तेवढीच पुन्हा घालता येते, हा त्याचा फार मोठा गुण आहे.

झबली, टोपरी, लंगोट यांची संख्या मी सांगत नाही. ते तुझी लेकच सांगेल, आणि तिलाच विचारावे. आजीला काय शिवावेसे वाटते यापेक्षा त्या घरात काय धुऊन वाळवता येईल, हे महत्त्वाचे. कुंची मात्र बारशाला हवीच. तिचे बंद आखूड असावेत, आणि निजताना कुंची काढून ठेवायला लेकीला बजाव. मणी, टिकल्या, आरसे, गुंड्या यांपैकी काहीही बाळाच्या वस्तूंवर नको, कारण हाताला लागेल ते तोंडात जाते. दुपटे अंगाखाली घालावे अथवा उराखाली गुंडाळावे. निजलेल्या बाळाच्या तोंडाजवळ पांघरूण सरकेल असे कधी ठेवू नये. आणि सर्वांत मोठी ताकीद ही की, तयार कपडे ठेवताना त्यांत डांबराच्या गोळ्या घालू नकोस. त्यांच्या वासाने काही बालकांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते, असे डॉक्टर सांगतात. आपला वेखंड आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला यांनी तेच काम होते; ठेवणीतले कपडे बाळाला घालण्यापूर्वी पुन्हा धुवून कडक उन्हात टाकावेत. शिवणाला बसताना सुया व टाचण्या मोजून घ्याव्या आणि उठताना पुन्हा मोजाव्या, हा नियम बाळ घरी येण्याआधीपासून अंगवळणी पाड.

एक नाजूक गोष्ट. दिवंगत माणसाचे वस्त्र नवजाताला घालू नये, असे मानणारी घरे आहेत, आणि तुझ्या विहीणबाईंचे मत काय आहे हे मला ठाऊक नाही. बाळाचे पहिले वस्त्र जुनेच असावे ही चाल पुष्कळ ठिकाणी आहे. पण जुने म्हणजे कोणाचे, यावर मतभेद असतो. तू त्यांना आधी विचार. त्यांना ते रुचले नाही तर वाद घालू नकोस. दुपटी तुझ्या स्वतःच्या सुती साड्यांची कर, आणि आईच्या लुगड्यांची गोधडी तुझ्या घरच्या पलंगासाठी शिव. नातवंड चालू लागले की ते तुझ्याकडे येईलच, आणि तुझ्या अंथरुणात निजेलच. त्याच्यासाठी शिवलेल्या वस्तूने त्याच्या आईच्या सासरी कटुता आली, तर त्या वस्तूचा हेतूच बुडाला.

थोरल्या जावेचा नातू सध्या तुझ्याकडेच आहे ना? त्याला या कामात घे. नवे बाळ येणार म्हटल्यावर घरातील आधीच्या मुलाच्या मनात जी धास्ती उत्पन्न होते तिला समजुतीचे शब्द फारसे पुरत नाहीत. पण कोणता तुकडा कोणत्या कोपऱ्यात लावायचा हे ठरवण्याचा अधिकार त्याला दिला, तर तो स्वतःला देणाऱ्यांच्या बाजूचा समजू लागतो. बोथट सुई आणि मॅटीचा तुकडा त्याच्याही हाती दे. मुलगा आहे म्हणून टाका शिकवू नये, हे मला कधीच पटलेले नाही. ज्याला आपले बटण लावता येत नाही तो जन्मभर दुसऱ्याच्या सोयीवर राहतो.

गोधडीच्या मागल्या अंगाला, एका कोपऱ्यात, साखळी टाक्याने साल घाल आणि लुगडे कोणाचे ते लिही. घराण्याच्या दप्तरात जमिनींचे आणि कर्जांचे दस्तऐवज सापडतात. स्त्रियांनी काय नेसले, काय शिवले, याचा दाखला कोठेही नसतो, आणि तो आपणच ठेवला पाहिजे. तेवढे करून मग वस्तू मोकळ्या हाताने देऊन टाक. दिलेले दुपटे दिसत नाही, ते कोठे गेले, मोलकरणीने फरशी पुसायला तर घेतले नाही ना, अशी चौकशी लेकीच्या घरी जाऊन करू नये. आजीच्या भेटीवर आजीची देखरेख राहिली तर ती भेट उरत नाही, नातवंडावर घातलेला बोजा होतो. ते मळेल, फाटेल, प्रवासात हरवेल. फाटले तर ठिगळ लावायला तुझ्याकडे येईल. न आले तरी तुझ्या कर्तव्यात कसूर झालेली नाही.

एवढ्या तपशिलानंतरही पहिला छेद देताना हात कापेल, हे मी जाणते, आणि तो कापू नये असे मी म्हणत नाही. आरंभ सर्वांत जीर्ण लुगड्यापासून कर. जांभळ्या काठाचे एक पांढरे लुगडे पेटीत असेल. ते तिने माझ्या लग्नात नेसले होते. ते मात्र इकडे पाठव. विहीणबाईंची हरकत नसेल तर त्याची कुंची मला माझ्या हाताने करावयाची आहे. दृष्टी अधू झाली असली तरी सकाळच्या उजेडात दोरा ओवता येतो. अस्तराला मऊ मलमल माझ्याकडे आहे, आणि काठाला लावण्यासाठी हिरव्या खणाचे तुकडेही आहेत, ते पाठवू नकोस. बारशाच्या आधी पंधरवडाभर कुंची तुझ्या हाती पडेल अशी तजवीज करते. लेकीला दिवस कधी गेले ते नक्की कळव, आणि विहीणबाईंचे उत्तर काय आले तेही.

कळावे,
तुझी मावशी