परसबागेतील पानांचा कोबी

कोबी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड्डा उभा राहतो. परंतु गड्डा एकदाच कापावयाचा असतो. त्यानंतर ती जागा रिकामी होते. घरच्या बागेस अधिक सोयीचा असा याच कुळातील एक प्रकार आहे. त्यास गड्डा धरत नाही, मोकळी पाने येतात व तीच भाजीसाठी खुडतात. काश्मिरात घरोघरच्या बागांतून होणारी ‘हाख’ ही भाजी याच जातीची होय. ‘केल’ या नावाने मिळणारे बीही याच प्रकारचे असते.

आपल्याकडे हे पीक हिवाळ्यात घ्यावे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यावर बी टाकावे. रोपे चार-पाच आठवड्यांची झाली की दीड-दीड फुटावर लावावीत. साडेचार फूट रुंद व नऊ फूट लांब वाफ्यात 18 रोपे बसतात. लावणीपूर्वी वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. पाणी बेताने परंतु नियमित द्यावे. वाफ्यात ते साचू देऊ नये. मागील हंगामात जेथे मुळा, मोहरी, फुलकोबी वा नवलकोल होता, ती जागा टाळावी. कारण या सर्व पिकांचे रोग व किडी बहुतांशी एकच असतात.

लावणीनंतर सुमारे दोन महिन्यांनी खालची पाने खुडण्यास प्रारंभ करावा. शेंड्याची पाच-सहा पाने राखावीत. शेंडा मोडू नये. शेंडा शाबूत असेपर्यंत तेच झाड थंडीभर पाने देत राहते. ऊन तापू लागले की पाने राठ होतात.

या पिकाचा मोठा शत्रू म्हणजे चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. ती पाने चाळणीसारखी करते. येथेच पुष्कळांचा हात विषारी औषधाकडे जातो. पण गड्ड्याची बाहेरील पाने टाकून देता येतात, येथे मात्र फवारलेले पानच ताटात येते! म्हणून लावणीपूर्वी 15 दिवस वाफ्याच्या कडेने मोहरीची एक ओळ पेरावी. पतंग तिच्याकडे आकर्षिले जातात. पानांच्या खालच्या बाजूस पाहून अळ्या वेचाव्यात. तरीही उपद्रव वाढल्यास 50 ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, तो अर्क सायंकाळी फवारावा.

पाने धुऊन मगच चिरावीत व थोड्या पाण्यात शिजवावीत. शिजवलेले पाणी फेकू नये; पानांतील ‘क’ जीवनसत्त्वाचा काही अंश त्यात उतरलेला असतो. गड्ड्याच्या आतील पांढऱ्या पानांपेक्षा या हिरव्या पानांत ‘अ’ जीवनसत्त्व देणारे कॅरोटीन अधिक असते. ते मुलांच्या मुखी पडावे, हाच परसबागेचा खरा लाभ होय.