वायरलेस घेताना आधी मानक विचारा

कोपरीहून आनंदनगरचा नाका ओलांडला की मुलुंड लागते. नाक्याच्या अलीकडे ठाणे पोलीस आयुक्तालय, पलीकडे मुंबईचे. अग्निशमन दलेही दोन महापालिकांची निराळी. नाक्यावरच मोठा अपघात झाला तर दोन्हीकडची माणसे धावणार. अशा वेळी त्यांचे वायरलेस संच एकमेकांशी बोलतील काय? संचावर कोणत्या कंपनीचे नाव आहे याने ते ठरत नाही, तो कोणत्या मानकाचा आहे याने ठरते.

जुन्या अ‍ॅनालॉग संचांत फ्रिक्वेन्सी जुळली की बहुधा काम भागे. डिजिटलमध्ये आवाजाचे आकडे होतात आणि ते पाठवण्याची प्रत्येक मानकाची रीत वेगळी. युरोपात तयार झालेले टेट्रा २५ किलोहर्ट्झमध्ये चार संभाषणे बसवते. दिल्ली मेट्रो तेच वापरते. अमेरिकेत पोलीस व अग्निशमन दलांसाठी पी-२५ निघाले. डीएमआर त्यामानाने स्वस्त, साडेबारा किलोहर्ट्झमध्ये दोन संभाषणे देणारे. टेट्राचा संच डीएमआरशी थेट बोलत नाही, मध्ये जोडणी करून द्यावी लागते. पी-२५ व डीएमआरचे बहुतेक संच अ‍ॅनालॉगवरही चालतात, ही मोठीच सोय आहे.

डिजिटल म्हणजे सर्वस्वी उत्तम, असे विक्रेते सांगतात. आम्हांला ते पटत नाही. अ‍ॅनालॉगचा आवाज दूर जाताना खरखरत विरतो, डिजिटलचा एकदम तुटतो. पंप, करवत, भोंगे यांच्या गोंगाटात जवानाचे शब्द डिजिटलवर कळत नाहीत, अशी तक्रार अमेरिकेतील अग्निशमन दलांनीही केली होती. तेव्हा खरेदीपूर्वी संच गोंगाटात व तळघरात वापरून पाहावा.

खिशात मोबाईल असताना हे हवे कशाला, असे कोणी म्हणेल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मोबाईल सेवा कोलमडली होती. वायरलेस संच मात्र टॉवरशिवायही जवळच्या संचाशी थेट बोलू शकतो.

सोसायटी वा गोदामासाठी संच घेणाऱ्या, तसेच ते विकणाऱ्या बांधवांनी कायदाही पाहावा. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठरावीक कमी शक्तीच्या संचांना परवाना लागत नाही, पण उपकरणाला सरकारी मान्यता लागतेच. एरवी दूरसंचार विभागाचा परवाना हवा. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाईन विक्रेत्यांनाही फ्रिक्वेन्सी, परवाना व मान्यतेची माहिती देणे बंधनकारक केले. दुकानदाराकडूनही हीच माहिती बिलासोबत लिहून घ्यावी.