त्वचेंतील सरपटणारी अळी व शीतोपचाराचा मोह

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत पाऊस पडून कपाशीचें निंदण सुरू झालें म्हणजे पुष्कळ मंडळी अनवाणीच शेतांत उतरतात. अशा वेळीं तळपायावर किंवा बोटांच्या बेचक्यांत दोऱ्याएवढी तांबडी, वांकडीतिकडी रेघ उमटली, ती दिवसागणिक पुढें सरकूं लागली आणि रात्रीं खाजेनें झोंप येईनाशी झाली, तर तिला नायटा समजूं नये.

ही रेघ म्हणजे कुत्र्यामांजरांच्या आंतड्यांतील अंकुशकृमीच्या अळीची वाट होय. विष्ठेबरोबर पडलेलीं अंडीं ओलसर, सावलीच्या मातींत फुटतात व सुमारें आठवड्याभरांत अळी कातडींत शिरण्याजोगी होते. मनुष्याच्या त्वचेचा खालचा थर भेदण्याचें सामर्थ्य तिच्यांत नसल्यामुळें ती वरच्या थरांतच भटकते आणि कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं मरते.

पूर्वीं डॉक्टर लोक ही अळी गोठवून मारण्यासाठीं रेघेच्या टोंकावर इथाइल क्लोराइडचा फवारा किंवा द्रवरूप नायट्रोजन वापरीत. उणें १९६ अंश सेंटिग्रेडचा हा द्रव गुरांच्या कृत्रिम रेतन केंद्रांत असतो. म्हणूनच त्याचा मोह पडण्याचा संभव आहे. परंतु अळी बहुधा रेघेच्या टोंकापुढें, निरोगी दिसणाऱ्या कातडींत असते. शिवाय उणें २१ अंशांच्या थंडींतहि ती पांच मिनिटांहून अधिक काळ जगल्याचें आढळलें आहे. अर्थात् अळी वांचते आणि पाय मात्र फोड येऊन चिघळतो. ऐन निंदणाचे दिवस वायां जातात. म्हणून हा उपाय आतां त्याज्य मानतात.

शीतोपचार सर्वत्र निरुपयोगी आहे असें मात्र नव्हे. राजस्थानांत बिकानेरकडे वाळूमाशीच्या चाव्यानें लीशमानिया जंतूंचे व्रण होतात. ते जंतु व्रणांतच राहतात, म्हणून तेथें तज्ज्ञाच्या हातून केलेला शीतोपचार गुणकारी ठरतो.

अळीवरील खरा उपाय सोपा आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानें आयव्हर्मेक्टिनची एक मात्रा, वजनाच्या दर किलोस २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोंच्या माणसास १२ मिलिग्रॅम, घ्यावी. किंवा अल्बेंडाझोल रोज ४०० मिलिग्रॅम याप्रमाणें तीन दिवस घ्यावें. गर्भवती स्त्रिया व लहान मुलें यांस डॉक्टरांस विचारल्यावांचून कांहींहि देऊं नये. गुरांसाठीं आणलेलें आयव्हर्मेक्टिन माणसानें केव्हांहि घेऊं नये.

शेतकरी बंधुभगिनींनीं ओल्या रानांत पादत्राण घालावें, पाळीव कुत्र्यांस पशुवैद्याकडून वेळोवेळीं जंतनाशक द्यावें, आणि अंगण, खळें व मुलांच्या खेळण्याची जागा यांतील विष्ठा रोजच्या रोज दूर पुरावी. पायीं चप्पल घालणें हें नंतर औषध घेण्याहून स्वस्त पडतें.