जुनी आलिशान गाडी : किंमत, किलोमीटर आणि वॉरंटीचं गणित

मित्रांनो, इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन झाली रे झाली की नातेवाईक आपली वाटणी करून टाकतात. मिक्सर बिघडला की इलेक्ट्रिकलवाला, मोबाईल हँग झाला की कॉम्प्युटरवाला, आणि गाडी घ्यायची म्हटली की मेकॅनिकलवाला! आपण वर्कशॉपमध्ये अजून जॉबला फाइल घासत असतो, पण काकांचा फोन येतो, "अरे, तू मेकॅनिकलला ना? मग सांग, ही एसयूव्ही घेऊ का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुणाला जमिनीचा मोबदला मिळालेला असतो, तर कुणाच्या वडिलांच्या हातात रिटायरमेंटचा फंड आलेला असतो. तेवढ्यात समोर येते नवी ६० लाखांची, पण आता २० लाखांत मिळणारी मोठी जर्मन एसयूव्ही. दलाल सांगतो, "डॉक्टरची गाडी आहे, सिंगल हँड, पेपर क्लिअर." अशा वेळी 'घ्या' किंवा 'नको' म्हणण्याआधी कागद-पेन घेऊन बसावं. त्यासाठीच हा लेखप्रपंच.

एक नियम आधीच पाठ करून ठेवा, व्हायव्हाला विचारला जातो असं समजा : गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. २० लाखांना घेतलेल्या त्या गाडीचा गिअरबॉक्स, एअर सस्पेन्शन, हेडलाइट हे सगळं ६० लाखांच्या गाडीच्याच भावाने येतं. पुढचं सगळं गणित या एका वाक्यावर उभं आहे.

१) 'मायलेज' म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे मायलेज म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती देते?" म्हणजे लिटरला किती किलोमीटर. जुन्या आलिशान गाडीच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा. का, ते खालच्या हिशोबात कळेल. महत्त्वाचा आहे तो दुसरा अर्थ, म्हणजे गाडी आजवर किती धावली, तिचं 'रनिंग'.

पण नुसता रनिंगचा आकडा पुरेसा नाही. समजा एक गाडी फक्त शहरात ४०,००० किमी फिरली. सरासरी वेग ताशी २० किमी धरला तर इंजिन २,००० तास चाललं. दुसरी हायवेवर ९०,००० किमी धावली. सरासरी वेग ६० धरला तर १,५०० तास. म्हणजे मीटरवर दुपटीहून जास्त आकडा असलेल्या गाडीचं इंजिन कमी तास चाललंय! शिवाय शहरात ब्रेक, गिअर आणि सस्पेन्शन यांचे हाल वेगळेच.

डिझेल गाडीत आणखी एक भानगड आहे. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर (डीपीएफ) सर्रास आला. हा फिल्टर जाळून साफ व्हायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी सलग काही वेळ वेगात धावावी लागते. रोज घर ते क्लिनिक ३ किमी चाललेली 'डॉक्टरची गाडी' या बाबतीत उलट धोक्याची.

आणि फारच कमी चाललेली गाडी? सात वर्षांत १५,००० किमी हे ऐकायला गोड वाटतं. पण रबरी सील, बेल्ट, होस, टायर, बॅटरी यांचं वय किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर वाढतं.

२) आकडा खरा की फिरवलेला?

जुन्या मीटरमध्ये दातेरी चाकं असायची, आता आकडा मेमरी चिपमध्ये असतो. म्हणून मीटर मागे करणं अवघड झालं असेल असं वाटतं, पण लॅपटॉप आणि केबल असली की ते काम होतं. अमेरिकेसारख्या कडक कायद्याच्या देशातही दरवर्षी साडेचार लाखांहून जास्त गाड्या खोट्या आकड्याने विकल्या जातात, असा तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याचा अंदाज आहे.

पण चोर सगळीकडचे ठसे पुसू शकत नाही. पुढच्या गोष्टी तपासा :

* चॅसी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड मागवा. प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटरची नोंद असते. आकडा मधेच मागे गेला तर नमस्कार करून निघा.
* स्कॅनर लावा. बऱ्याच महागड्या गाड्यांत रनिंगची नोंद मीटरखेरीज इतर कंट्रोल युनिटमध्येही असते, काही गाड्यांत तर चावीतसुद्धा!
* टायरवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. गाडी २०१९ ची, मीटर २५,००० चं आणि चारही टायर २०२३ चे, तर कारण विचारायलाच हवं.
* ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचं लेदर, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड. हे खोटं बोलत नाहीत.
* सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, स्टेपनीची जागा उघडून बघा. गाळाची रेघ किंवा गंज दिसला तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला, २०१९ साली सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं. अशा पुरांत बुडालेल्या गाड्या पुढे कुठे ना कुठे विकल्या जातातच. इलेक्ट्रॉनिक्सने भरलेल्या गाडीला हा आजार जन्मभर पुरतो.

३) किंमत ठरवायची कशी?

"मी ६५ ला घेतली होती" हे विकणाऱ्याचं दुःख आहे, आपलं माप नव्हे. तुलना करायची ती आजच्या नव्या गाडीच्या किमतीशी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा एकूण कर ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचाही भाव उतरायला हवा.

विमा कंपन्यांचा घसारा तक्ता हाताशी ठेवा. गाडीची विमा किंमत काढताना १ ते २ वर्षं वयाला २० टक्के, ३ पर्यंत ३०, ४ पर्यंत ४० आणि ५ पर्यंत ५० टक्के घसारा धरतात. पण यात फक्त वय आहे, रनिंग नाही. आलिशान गाड्या बाजारात बऱ्याचदा याहून वेगाने घसरतात, कारण पुढच्या खर्चाची भीती प्रत्येक गिऱ्हाईकाला असते.

आता मुख्य हिशोब. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापले घालून बघा.

गाडी 'अ' : ४ वर्षं जुनी, ४५,००० किमी, ३४ लाख, सोबत २ वर्षांची कंपनी वॉरंटी.
गाडी 'ब' : ७ वर्षं जुनी, १,१०,००० किमी, २० लाख, वॉरंटी नाही.

दोन्ही ४ वर्षं वापरायच्या, वर्षाला १२,००० किमी. नंतर 'अ' १८ लाखांना आणि 'ब' ८ लाखांना विकली जाईल असं धरू. खर्च लाखांत :

घसारा : अ १६.०, ब १२.०
अडकलेल्या पैशावरचं व्याज (७ टक्के) : अ ७.३, ब ३.९
नेहमीची सर्व्हिस, टायर : अ २.८, ब ४.०
मोठी दुरुस्ती : अ २.० (वॉरंटी संपल्यावरची दोन वर्षं), ब ८.०
विमा : अ ३.६, ब २.४
डिझेल (९० रु. लिटर, अ ११, ब १० किमी) : अ ३.९, ब ४.३
एकूण : अ ३५.६, ब ३४.६

म्हणजे किलोमीटरला 'अ' ७४ रुपये, 'ब' ७२ रुपये. घेताना १४ लाखांचा फरक होता, चार वर्षांत तो एका लाखावर आला! आणि 'किती देते' या प्रश्नाचा हिशोबातला वाटा किती? चार वर्षांत ४० हजार. एक मोठी दुरुस्ती निघाली की एवढे एका दिवसात जातात.

आता 'ब' च्या दुरुस्तीच्या आकड्याकडे बघा. सर्व्हिस रेकॉर्ड सलग आणि स्वच्छ असेल, तर ८ लाखांचे ४ धरता येतील. मग 'ब' ३०.६ वर येते आणि सरळ जिंकते. रेकॉर्डच नसेल आणि गिअरबॉक्स व सस्पेन्शन दोन्ही गेले, तर ८ चे १२ होतील आणि 'ब' ३८.६ वर जाईल. म्हणजे त्या सर्व्हिसच्या कागदांची किंमत या उदाहरणात चार लाखांच्या घरात आहे. भाव करताना लोक स्टीरिओ आणि सनरूफवर वाद घालतात, कागद मात्र बघत नाहीत!

४) वॉरंटी म्हणजे नक्की काय विकत घेतो?

स्टॅटिस्टिक्समध्ये आपण सरासरी आणि व्हेरियन्स शिकलो. वरचे ८ लाख ही सरासरी. प्रत्यक्षात एखाद्याला २ लाख खर्च येईल, एखाद्याला १२. वॉरंटी सरासरी फारशी कमी करत नाही, कारण तिची किंमत गाडीच्या भावात धरलेलीच असते. ती व्हेरियन्स कमी करते. म्हणून प्रश्न असा विचारायचा : एकदम ५ लाखांचं बिल आलं तर ते भरता येईल का? येत असेल तर 'ब' चा विचार करा. ज्याच्याकडे २० लाखच आहेत, त्याने २० लाखांची जुनी आलिशान गाडी घेऊ नये. ती दारात उभी राहील आणि वर्षभरात भंगाराच्या भावाने मागितली जाईल. घरच्यांना एवढं एक वाक्य पटवलंत तरी तुमचं इंजिनिअरिंग सार्थकी लागलं.

वॉरंटीचा कागद हातात आला की हे वाचा :

* 'वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी संपेल ते'. ३ वर्षं / १ लाख किमी असेल आणि गाडी दोन वर्षांतच ९८,००० धावली असेल, तर उरली फक्त २,००० किमीची वॉरंटी.
* मूळ वॉरंटीचं घड्याळ पहिल्या मालकाला गाडी मिळाली त्या दिवशी सुरू होतं, तुम्ही घेतली त्या दिवशी नाही.
* वॉरंटी कंपनीची की डीलरची? मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी या कंपन्या स्वतःच्या योजनेतून तपासलेल्या जुन्या गाड्या विकतात. त्या महाग पडतात, पण जबाबदार माणूस कोण हे ठरलेलं असतं. "इंजिनची गॅरंटी माझी" हे दलालाचं आश्वासन मात्र गेटच्या बाहेर पडेपर्यंतच!
* काय वगळलंय? ब्रेक पॅड, टायर, वायपर अशा झिजणाऱ्या वस्तू बहुधा नसतातच. एका क्लेमला रकमेची मर्यादा आहे का, तेही बघा.
* मधली एखादी सर्व्हिस चुकली असेल किंवा बाहेरून वायरिंग केलं असेल, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

५) कागदपत्रं, थोडक्यात

आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा, असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हवी. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०. घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओकडे अर्ज करायचा. विमाही १४ दिवसांत नावावर करायला सांगा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. त्यामुळे हे विकणाऱ्याच्याही हिताचं आहे.

दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी समोर आली तर इतिहास लक्षात घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. नियम पुढे बदलत गेले, पण तिकडच्या गाड्या स्वस्त का, याचं मूळ तिथे आहे. अशी गाडी महाराष्ट्रात कायमची आणायची तर एनओसी, इथलं रजिस्ट्रेशन आणि रोड टॅक्स हेही हिशोबात धरा.

तर मंडळी, पुढच्या सुट्टीत काकांनी विचारलं, तर 'गाडी मस्त आहे' म्हणून मोकळे होऊ नका. तीन आकडे मागा : सर्व्हिस रेकॉर्डवरचं रनिंग, आजच्या नव्या गाडीची किंमत आणि वॉरंटी संपण्याची तारीख. मग वरचा तक्ता त्यांच्यासमोर बसून भरा. निर्णय त्यांचा. हिशोब मात्र आपला, आणि तो बरोबर असला पाहिजे. इथे एटीकेटी नाही!