नकाशाविना प्रवास

युरोपच्या नकाशात पोलंड शोधा. त्याच्या उत्तरेला बाल्टिक समुद्र दिसेल. कोल्हापूरकडच्या जुन्या माणसांना हा देश अगदीच परका नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी येऊन राहिले होते. त्याच युद्धात पोलंडच्या लहानशा नौदलाने काय केले, त्याची ही हकीकत आहे.

१७९५ पासून १९१८ पर्यंत पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हताच. शेजारच्या तीन राज्यांनी त्याचे तुकडे करून आपसात वाटून घेतले होते. १९१८ साली देश पुन्हा स्वतंत्र झाला आणि २८ नोव्हेंबर १९१८ रोजी राष्ट्रप्रमुख पिल्सुद्स्की यांनी नौदल स्थापण्याचा हुकूम काढला. गंमत अशी, की त्या दिवशी पोलंडच्या ताब्यात समुद्रकिनाराच नव्हता! तो १९२० साली मिळाला, तोही अवघा १४० किलोमीटरांच्या आसपास. ग्दिनिया नावाच्या कोळ्यांच्या खेड्यात मोठे बंदर बांधण्यात आले.

अधिकारी कोठून आणायचे? कोणी रशियाच्या नौदलात काम केलेले, कोणी ऑस्ट्रियाच्या, तर कोणी जर्मनीच्या. प्रत्येकाच्या सवयी निराळ्या आणि हुकमाची भाषाही निराळी. आता सर्वांना पोलिश भाषेतच बोलायचे होते. १९२२ साली तोरुन शहरात नौदलाच्या अधिकाऱ्यांसाठी शाळा निघाली. जहाजे थोडी होती, पैसाही थोडा होता. शिक्षणात मात्र काटकसर केली नाही, असे पुढच्या घटनांवरून म्हणावेसे वाटते.

१९३९ साली या नौदलाकडे चार विनाशिका, पाच पाणबुड्या आणि काही लहान जहाजे होती. समोर जर्मनीचे बलाढ्य नौदल होते. युद्ध सुरू होण्याच्या दोन दिवस आधी, ३० ऑगस्टला, तीन विनाशिका ग्दिनियाहून ब्रिटनकडे पाठवण्यात आल्या. देशावर संकट आलेले असताना जहाजे दूर न्यायची? खलाशांना हा हुकूम पाळणे किती जड गेले असेल! परंतु मागे राहिलेली चौथी विनाशिका ३ सप्टेंबरलाच विमानांच्या हल्ल्यात बुडाली. तो हुकूम कटू होता, पण शहाणपणाचा होता.

आता एका पाणबुडीची गोष्ट ऐका. तिचे नाव ‘ओझेऊ’. पोलिश भाषेत ओझेऊ म्हणजे गरुड. ही पाणबुडी हॉलंडमध्ये बांधलेली होती आणि तिच्यासाठी पोलंडमधील सामान्य लोकांनी वर्गणी दिली होती. १४ सप्टेंबर १९३९ रोजी ती एस्टोनिया देशातील टॅलिन बंदरात शिरली. कप्तान आजारी होता आणि एक यंत्रही बिघडले होते. कप्तानाला रुग्णालयात नेण्यात आले. एस्टोनिया तटस्थ होता, म्हणजे युद्धात कोणाच्याच बाजूने नव्हता. तेथील अधिकाऱ्यांनी पाणबुडी अडकवून ठेवली. त्यांनी नकाशे नेले, तोफेचे भाग काढून घेतले आणि एकेक करून पाणतीर उतरवायला सुरुवात केली. पाण्याखालून जाऊन शत्रूचे जहाज फोडणारे अस्त्र म्हणजे पाणतीर.

दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी यान ग्रुजिन्स्की आता कप्तान झाले. पळून जायचे, असे त्यांनी ठरवले. पाणतीर उचलण्याचा तारेचा दोर गुपचूप कापला गेला, म्हणून काही पाणतीर आतच राहिले. एकजण मासे धरण्याच्या निमित्ताने लहान होडीतून गेला आणि बंदराच्या वाटेवर पाणी किती खोल आहे, ते मोजून आला. १८ सप्टेंबरच्या पहाटे, अंधारात, पहाऱ्यावरच्या दोघा शिपायांना पकडण्यात आले. दोर तोडले गेले आणि ‘ओझेऊ’ निघाली. ती मध्येच गाळात रुतली. मागून गोळ्या सुटू लागल्या. कशीबशी ती मोकळी झाली आणि पाण्याखाली गेली.

पण जायचे कोठे आणि कसे? समुद्रात रस्ते नसतात. खडक कोठे आहे, उथळ पाणी कोठे आहे, हे नकाशा सांगतो, आणि नकाशे तर टॅलिनमध्ये राहिलेले! सुदैवाने दीपगृहांच्या यादीचे एक पुस्तक पाणबुडीत उरले होते. कोणते दीपगृह कोठे आहे आणि त्याचा दिवा कसा लुकलुकतो, एवढीच माहिती त्यात होती. मार्गदर्शक अधिकारी मारियान मोक्रस्की यांनी त्या यादीवरून आणि आपल्या आठवणीवरून कोऱ्या कागदावर नकाशा काढला. शाळेत गिरवलेला धडा असा कामी येतो.

पकडलेल्या शिपायांना पोलिश खलाशांनी ठार केले, अशी बातमी रेडिओवर पसरली होती. प्रत्यक्षात ते दोघे सुखरूप होते. स्वीडनच्या गोटलंड बेटाजवळ त्यांना होडीत बसवून किनाऱ्याकडे पाठवले. जाताना त्यांच्याजवळ अन्न आणि घरी परतण्यासाठी पैसे दिले. तटस्थ देशाच्या शिपायांशी वैर नाही, हे ग्रुजिन्स्की विसरले नाहीत.

एस्टोनियाला मात्र या पलायनाची किंमत मोजावी लागली. तुम्ही पाणबुडी सोडलीत, असा ठपका ठेवून सोव्हिएत संघाने त्या देशावर दबाव आणला आणि २८ सप्टेंबरला तेथे लष्करी तळ मिळवले. निमित्त हे नसते, तर दुसरे काही सापडले असते, हेही खरे.

इकडे ‘ओझेऊ’ दिवसा पाण्याखाली राहून आणि रात्री वर येऊन शत्रूची जहाजे शोधत होती. शेवटी डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या अरुंद, उथळ सामुद्रधुनीतून ती उत्तर समुद्रात निसटली. १४ ऑक्टोबर १९३९ रोजी ती स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ पोहोचली. टॅलिन सोडून जवळजवळ चार आठवडे झाले होते. ‘विल्क’ ही दुसरी पोलिश पाणबुडी त्याआधीच ब्रिटनला आली होती. उरलेल्या तीन स्वीडनमध्ये अडकून पडल्या.

८ एप्रिल १९४० रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ ‘ओझेऊ’ने ‘रिओ दि जानेरो’ हे जर्मन जहाज बुडवले. वरून ते साधे मालवाहू दिसत होते, पण आत सैनिक होते. आम्ही बर्गनला चाललो होतो, असे वाचलेल्या सैनिकांनी सांगितले. नॉर्वेच्या सरकारने या गोष्टीची वेळेवर दखल घेतली नाही. दुसऱ्याच दिवशी जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला.

२३ मे १९४० रोजी ‘ओझेऊ’ पुन्हा गस्तीवर निघाली. ती परत आली नाही.

बाकीची जहाजे लढत राहिली. २६ मे १९४१ रोजी ‘प्योरुन’ या विनाशिकेने ‘बिस्मार्क’ या प्रचंड जर्मन युद्धनौकेला सुमारे तासभर आपल्यावर गोळे झाडायला लावले. १९४५ मध्ये युद्ध संपले, तेव्हा पोलंडमध्ये सोव्हिएत वर्चस्वाखालचे सरकार आले होते. त्यामुळे अनेक खलाशी मायदेशी परतलेच नाहीत.

३० ऑगस्टला निघालेल्या तीन विनाशिकांपैकी ‘ब्विस्कावित्सा’ १९७६ पासून ग्दिनियाच्या धक्क्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. शाळेची मुले तिच्यावर चढून तोफा पाहतात. ‘ओझेऊ’च्या शोधात मात्र पोलंडहून अनेक मोहिमा निघाल्या. उत्तर समुद्राच्या तळाशी ती कोठे विसावली आहे, हे अजून कोणालाही सापडलेले नाही.