हवानळी आणि मोटारीतील संगणक

एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. अनेक मोटारींत हवानळीतील तप्त तार किती थंड होते, यावरून संगणक कोष्टकाच्या आधारे हवेचे वस्तुमान ठरवितो व त्या प्रमाणात पेट्रोल सोडतो. मग बाजारातील नवी हवानळी बसविल्यास हे कोष्टक बदलावे काय? तारेभोवतीच्या नळीचा व्यास व आकार मूळचाच असल्यास सहसा गरज नाही. व्यास वाढल्यास मात्र तितकीच हवा मंद वाहते, तार कमी थंड होते व पेट्रोल अपुरे पडते. धूरनळीतील प्राणवायुमापक ही तूट काही मर्यादेपर्यंत भरून काढतो. परंतु इंजिनावर पूर्ण भार असताना ही दुरुस्ती बहुधा बंद असते. तेव्हा इंजिनात ठोके बसून दट्ट्याला इजा पोहोचू शकते. म्हणून अशा नळीबरोबर कोष्टकही बदलणे अगत्याचे आहे.