वेळापत्रक झोपेपासून मांडायला घ्या

दिवाळी सरली की बारावी सायन्सच्या घरांत भिंतीवर नवं वेळापत्रक लागतं. पहाटे ४ ते ६ गणित, ६ ते ७ केमिस्ट्री, रात्री १० ते १२ रिव्हिजन. स्केचपेनने आखलेल्या चौकटी आणि वर लाल अक्षरांत हवे असलेले मार्क. आठवडाभरात ते मोडतं. मग मुलाला वाटतं, आपल्यात चिकाटीच नाही. आईवडिलांना वाटतं, याला परीक्षेचं गांभीर्य नाही. दोघंही उगाच खचतात. बहुतेक वेळा चूक हिशेबाची असते, कारण चोवीस तासांत मावणार नाही इतकं त्या कागदावर कोंबलेलं असतं.

म्हणून वेळापत्रक विषयांपासून न मांडता झोपेपासून मांडावं. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. आपण किमान आठ धरू. कॉलेज, प्रॅक्टिकल आणि क्लास मिळून सात तास. डोंबिवलीहून लोकलने ठाण्याला किंवा गावातून एसटीने तालुक्याला जाऊन येण्यात दोन तास. आंघोळ, जेवणखाण, घरातली बारीकसारीक कामं यांत अडीच तास. झाले साडेएकोणीस. उरलेल्या साडेचारांतला एक तास खेळ, गप्पा आणि नुसतं लोळत पडणं यासाठी सोडायलाच हवा. हातात राहतात साडेतीन तास. तुमच्या घरचा आकडा थोडा वेगळा येईल, पण रोजचे दहा तास कुठल्याच घरात निघत नाहीत. जिथे निघतात तिथे ते झोपेतून कापलेले असतात, आणि दिवसभर शिकलेलं मेंदूत पक्कं बसण्याचं बरंचसं काम तर झोपेतच होतं.

या साडेतीन तासांत क्लासमधले तास मिळवू नका. क्लासमध्ये सर गणित सोडवतात आणि आपण बघतो. सगळं समजल्यासारखं वाटतं. खरी परीक्षा घरी, कोऱ्या कागदासमोर होते. हेन्री रोडिगर आणि जेफरी कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला एक प्रयोग मी पालकांना आवर्जून सांगतो. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे पुढे गेले. आपली मुलं रात्री हायलायटर घेऊन तेच पान चौथ्यांदा वाचतात, तेव्हा त्यांना मिळतो तो पाच मिनिटांचा विश्वास.

तेव्हा पहिला पाऊण तास वही बंद. आज क्लासमध्ये जे झालं ते आठवून कागदावर उतरवायचं, मग वही उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाने भरायचं. हा दुसरा रंग म्हणजेच उद्याचा अभ्यास. त्यानंतर दीड तास घड्याळ लावून प्रश्न सोडवायचे. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. येतं पण वेळ पुरत नाही, ही तक्रार करणाऱ्या मुलांनी घरी घड्याळ लावलेलंच नसतं. उरलेला वेळ जुन्या धड्यांना. सीईटीत सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो आणि तोच सगळ्यात आधी विसरलेला असतो.

याच्या जोडीला चुकांची एक वही हवी. तीत धडा उतरवायचा नाही, फक्त चूक आणि तिचं कारण. एका मुलीच्या वहीतली ओळ अशी होती: ‘रोटेशन. गणितात रिंग होती, मी डिस्कचं सूत्र घातलं. प्रश्न अर्धाच वाचला.’ तिला सूत्र येत होतं, घाई नडली होती. अशा नोंदी साठत गेल्या की आपण नेमके कुठे मार्क घालवतो ते उघड दिसतं, आणि रविवारी काय करायचं हा प्रश्न उरत नाही.

आता एक गोष्ट, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. नीट दुपारी २ ते ५ असते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातलं ऊन, दीड वाजता गेट बंद, म्हणजे मूल सकाळीच घरातून निघालेलं. मग १८० मिनिटांत १८० प्रश्न. ज्या मुलाने वर्षभर रात्री दोनपर्यंत जागून दुपारी ताणून दिली आहे, त्याचं शरीर त्या वेळी झोप मागतं. बोर्डाचा पेपर सकाळी ११ वाजता, जेईई मेनची पहिली पाळी ९ वाजता. शेवटचे दोन महिने तरी सराव पेपर परीक्षेच्याच वेळेला द्यायचे आणि दुपारची झोप हळूहळू सोडायची. रात्री अभ्यास चांगला होतो म्हणणाऱ्या मुलांवर माझा अविश्वास नाही; या वयात झोपेची वेळ खरोखरच पुढे सरकते. पण परीक्षा रात्री होत नाही.

तसंच लिहिण्याचं. वर्षभर फक्त पर्यायांचे गोळे भरलेल्या मुलांना फिजिक्सचा ७० मार्कांचा बोर्डाचा पेपर तीन तास सलग लिहिताना हात आणि मुद्दे दोन्ही दगा देतात. आठवड्यातून एक पेपर पूर्ण लिहून काढावा. मोबाइलबद्दल एवढंच सांगतो, की त्या साडेतीन तासांत तो दुसऱ्या खोलीत असू द्या, आणि घरातल्या मोठ्यांचाही.

पालकांनी हे साडेतीन तास राखायचे, त्यावर पहारा करायचा नाही. या वेळात दूध आणायला पाठवणं नको, पाहुण्यांसमोर बोलावणं नको, दर अर्ध्या तासाने दार ढकलून बघणं नको. मुलीच्या वेळेतून पोळ्या आणि भांडी वजा होत असतील आणि मुलाच्या होत नसतील, तर तो हिशेब आधी घरच्यांनी दुरुस्त करायचा. रात्री जेवताना ‘किती झालं?’ याऐवजी ‘आज काय अडलं?’ असं विचारून बघा. पहिल्या प्रश्नाला मूल आकडा फेकून मोकळं होतं. दुसऱ्याला उत्तर द्यायचं तर त्याला बोलावं लागतं, आणि बोलता बोलता कधी कधी अडलेलं सुटतंही.

वेळापत्रक अधूनमधून बिघडणारच. घरात लग्न निघेल, ताप येईल, एखादा दिवस मनच लागणार नाही. रविवारची दुपार मोकळी ठेवली तर राहिलेलं तिथे भरून निघतं. बुडालेला दिवस दुसऱ्या दिवसावर लादला की दोन्ही जातात. मात्र दोन-तीन आठवडे मुलाची झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, मित्रांचे फोन ते टाळत असेल, तर त्याला नवं वेळापत्रक देऊ नका, शिस्तही लावू नका. त्याच्याजवळ बसा आणि डॉक्टरांशी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, तिथे मराठीतूनही बोलता येतं, आणि पालकांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.